कुकडीच्या खोऱ्यातून नाणेघाटाकडे: जुन्या वाटेच्या कामाच्या नोंदी

15 ऑक्टोबर 2023, रविवार. जुन्नर

आजपासून वही सुरू. आम्ही सहा जण आहोत, सगळे जुन्नर तालुक्यातलेच, आणि काम एकच: जुन्नर ते नाणेघाट ही वाट पायी चालून, मोजून, पुन्हा जोडायची.

नाणेघाट सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गाड्यांची रीघ लागते. लोक दगडी रांजणाजवळ फोटो काढतात, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर वारा खातात आणि परत फिरतात. पण घाट म्हणजे वाटेचा एक तुकडा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल घाट चढून वर आला की पुढे कुकडीच्या काठाकाठाने जुन्नरला उतरायचा आणि तिथून पैठणकडे निघायचा. घाट राहिला, लेणं राहिलं, जुन्नर राहिलं. मधली साधारण 30 किलोमीटरची खोऱ्यातली वाट मात्र कोणाच्या पायाखाली नाही. मला खंत वाटते ती याची. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले कशासाठी उभे आहेत ते ही वाट चालल्याशिवाय कळत नाही. गाडीतून ते नुसते डोंगर दिसतात.

तीन गोष्टी आज ठरल्या. लेणी, शिलालेख, टाकी यांना हात लावायचा नाही. दगडावर रंग लावायचा नाही. आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कुठल्याही वाटेला जुनी म्हणायचं नाही.

वाटेवरची झुडपं आणि गाळ काढण्यासाठी मंजुरीचे अर्ज दिले.

5 नोव्हेंबर 2023. नाणेघाट, माथा ते लेणं

मंजुरी आल्यावरचा कामाचा पहिला दिवस. पहाटे पाचला जुन्नर सोडलं. घाटघरच्या खाचरांत भात कापायला आलाय, दव इतकं की बूट वरूनच भिजले.

माथ्यावर दोन कड्यांच्या मधून जी अरुंद नाळ खाली उतरते तिथून सुरुवात केली. वाऱ्याने उभं राहवत नाही. नाळेत फरसबंदी आहे, पण पायऱ्या म्हणाव्यात अशा सरळ ओळी नाहीत. मोठे दगड उताराला आडवे बसवलेत, मधे लहान दगड ठासून भरलेत. जिथे ही ठासणी शाबूत आहे तिथला दगड आजही हलत नाही. जिथे ठासणी निघाली तिथे पाणी आत शिरलंय, खालची माती वाहून गेलीय आणि दगड डुगडुगतोय.

म्हणजे वाट मोडते ती माणसाच्या पायाने कमी आणि पाण्याने जास्त. दगडांच्या कडेने पाणी जायला जागा हवी, ती चर गाळाने आणि प्लास्टिकच्या बाटल्यांनी बुजलीय. मग पाणी वाटेवरूनच धावतं. आज दिवसभर खुरपं आणि घमेलं घेऊन साधारण 40 मीटर लांबीची चर मोकळी केली. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मिळून सात पोती भरली, ती पाठीवर वर आणली.

26 नोव्हेंबर 2023

अवकाळी पाऊस आणि गारा. काम रद्द. कापून खाचरात ठेवलेला भात भिजला. ज्यांच्या घरी आम्ही चहा पितो त्यांचाही. फोन केला तेव्हा मावशी म्हणाल्या, “आता नगा येऊ, आधी भात उलटवू द्या.” पुढच्या रविवारी वाटेचं काम न करता भात पसरायला गेलो.

10 डिसेंबर 2023. घाट, लेण्याखालचा टप्पा

आज आमच्या हातून चूक झाली, ती लिहून ठेवतो.

रंग लावायचा नाही म्हटल्यावर खुणेसाठी दगडांच्या लगोरी रचायच्या असं ठरलं होतं. सकाळी लेण्याच्या खाली रानातून जाणाऱ्या टप्प्यात आठ लगोरी रचल्या. दुपारी जेवायला बसलो तेव्हा समोरच्या लगोरीतल्या सगळ्यात खालच्या दगडाकडे लक्ष गेलं. त्याची एक बाजू खडबडीत, कोपरे तसेच. दुसरी बाजू मात्र इतकी गुळगुळीत की हात फिरवला तर पाट्यावर हात फिरवल्यासारखा वाटला, आणि मधे किंचित खोलगट. हा रानातला दगड नव्हता. हा फरसबंदीतला, पायांनी आणि खुरांनी झिजलेला दगड होता, जागचा निखळून कडेला पडलेला. आम्ही तो उचलून लगोरीला लावला होता.

जेवण तसंच ठेवून आठही लगोरी उतरवल्या. एकूण पाच दगड असे निघाले. त्यांतले तीन कुठून उचलले ते आठवत होतं, तिथे परत ठेवले. दोन आठवेनात. ते उचलल्याच्या अंदाजाने वाटेच्या कडेला, झिजलेली बाजू वर करून ठेवले आणि वहीत जागा टिपली.

नवा नियम: लगोर फक्त ओढ्यातल्या दगडांची. ओढ्यातला गोटा सगळ्या बाजूंनी गोल असतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. शिवाय लगोर वाटेच्या बाहेर, पावलापासून निदान दोन हात लांब.

7 जानेवारी 2024. जुन्नर, पाडळी, तुळजा लेणी

आज दुसऱ्या टोकाकडून. वाट जुन्नरात कुठे सुरू होते यावर आमच्यात बरेच दिवस वाद होता. माझं म्हणणं, ती लेण्यांपासून सुरू होते असं धरावं. जुन्नरभोवती शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. एवढं खोदकाम ज्यांच्या पैशावर झालं ते लोक याच वाटेने येत-जात होते.

इथल्या लेण्यांतल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, दोन ‘पोढी’ दान दिल्या असं लिहिलंय. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. परदेशातून आलेला माणूस एवढा घाट चढून येतो, इथे पैसा कमावतो आणि त्या पैशातून वाटसरूच्या आणि भिक्षूच्या पाण्याची सोय करतो. मानमोडीत क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचाही लेख आहे, वर्ष 46 चा. त्यानेही पोढी आणि मंडप दिला. राजाचा अमात्य असो की दूरदेशीचा व्यापारी, दान द्यायचं म्हटलं की पहिलं पाणी. जानेवारीतच आमच्या बाटल्या अकरा वाजता रिकाम्या होतात, तेव्हा हे नीट कळतं.

तुळजा लेण्यांत गोल चैत्यगृह आहे, स्तूपाभोवती 12 अष्टकोनी खांब आणि वर घुमट. दहा मिनिटं तिथे गप्प बसलो. मग पाडळीकडून माणिकडोहच्या दिशेने चालत धरणाच्या भिंतीपर्यंत आलो. 6 किलोमीटर टिपले. पुढे सगळं पाणी.

ही आमच्या कामातली सगळ्यात अवघड जागा. माणिकडोह धरण कुकडी प्रकल्पातलं, 1984 मध्ये पूर्ण झालं. त्याचा जलाशय, शहाजीसागर, नेमका खोऱ्याच्या तळात पसरलाय. जुनी वाट तळातूनच असणार, कारण लदलेला बैल उगाच चढ चढत नाही. गाडीरस्ता आपटाळ्यावरून वळसा घालून चावंडला येतो. तो जुना नव्हे.

11 फेब्रुवारी 2024. नाणेघाटाचं लेणं

कामासाठी नव्हे, बघण्यासाठी गेलो. आमच्यातल्या दोघांनी शिलालेख कधी नीट पाहिलाच नव्हता.

बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरली तर अक्षरं उठून येतात, समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना नमन करून लेख सुरू होतो. पुढे यज्ञ आणि दक्षिणा यांची यादी. 1700 गाई, 10 हत्ती, रुप्याचे 17 कुंभ, 24400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. लेख सातवाहन राणी नायनिकेचा, आपण जिला नागनिका म्हणतो. पती सातकर्णी गेल्यावर मुलांच्या वतीने राज्य सांभाळणारी बाई, आणि तिने हा हिशेब राजवाड्यात नाही, घाटवाटेवर कोरून ठेवला. जिथून माल जातो तिथे, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येईल असा.

मी अंकांपाशी थांबलो. त्या काळी शून्य नव्हतं. 1700 लिहायचं तर आधी हजाराची खूण आणि शेजारी सातशेची खूण, आणि ती सातशेची खूणही शंभराच्या चिन्हाला सातचं चिन्ह जोडून केलेली. भारतात अंक इतक्या मोठ्या संख्येने कोरलेले सापडतात अशा सगळ्यात जुन्या जागांपैकी ही एक. आपल्या गावाजवळच्या डोंगरात हे आहे आणि शाळेत मला कोणी इथे आणलं नव्हतं.

मागच्या भिंतीवर पुतळे होते. आता कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण डोक्यावरची नावं वाचता येतात: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. ‘महारठी’ हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात वाचताना आमच्यातल्या धाकट्याचा आवाज बसला. तो पुन्हा पुन्हा तेवढाच शब्द वाचत राहिला.

काही पर्यटकांनी भिंतीवर स्वतःची नावं खरवडलीत. त्यावर मला इथे काही लिहायचं नाही, हात थरथरतो.

8 मार्च 2024, महाशिवरात्र. पूर गाव, कुकडेश्वर

कुकडीचा उगम इथे, मंदिराजवळ. मंदिर जुन्या दगडी बांधणीचं, कोरीवकामाने भरलेलं, आजूबाजूला भाताची खाचरं. दर्शनाला आसपासच्या वाड्यांतून माणसं येत होती आणि त्यांतली कितीतरी पायी. आम्ही महिनोन् महिने जी वाट शोधतोय तिचे तुकडे लोक आज सहज चालत होते, चप्पल हातात घेऊन.

एका आजींच्या मागोमाग चाललो. त्या गाडीरस्ता सोडून खाली ओढ्याकडे वळल्या. विचारलं, “आजी, इकडून का?” त्या म्हणाल्या, “हिकडनं सावली हाय. आन् पाय पोळत न्हाई.” खरंच, त्या वाटेला कडेने जांभळांची आणि करवंदीची गर्दी होती. आम्ही नकाशात चढ-उतार बघून वाट आखत होतो. सावली बघितलीच नव्हती.

घाटघर ते पूर हा 9 किलोमीटरचा टप्पा आज आजींच्या वाटेने बदलला. आधीची आखणी खोडली.

28 एप्रिल 2024. चावंडच्या पायथ्याला

ऊन सोसवत नाही. काम सकाळी सहा ते दहा एवढंच. रानात बाळहिरडा गोळा करायचे दिवस. बायका-पोरं पहाटेपासून झाडाखाली, अंगणाअंगणात हिरडा वाळत घातलेला. इथल्या महादेव कोळी घरांचं वर्षाचं रोख पैशाचं गणित बरंचसं या हिरड्यावर असतं, त्यामुळे आम्ही वाट साफ करताना हिरड्याच्या एकाही फांदीला कोयता लावत नाही.

चावंडवर चढून आलो. किल्ल्यावरची ओळीने खोदलेली सात टाकी आणि तिथून दिसणारं अख्खं खोरं. पश्चिमेला जीवधन आणि शेजारी वानरलिंगीचा सुळका, पूर्वेला शिवनेरी, समोर पाण्यापलीकडे हडसर. कड्यावर उभं राहिलं की चौकीदाराचं काम कळतं: खालून चाललेला तांडा घाटमाथ्यापासून जुन्नरपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या नजरेत राहायचा. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर वरच्या पायऱ्या सुरुंगाने फोडल्या. चढताना त्या तुटक्या जागी हाताने धरूनच जावं लागतं.

खाली एका अंगणात ताक प्यायला थांबलो. घरातले बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांची आई कोकणात उतरून मीठ आणि सुकट आणायची. “पहाटं तारा निघाला की निघायची, दिस मावळायला वर. डोक्यावर पाटी. घाटात दगडावर पाय पडला की आवाज येतो न्हाई का, त्या आवाजावर अंधारात वाट कळायची म्हणायची. दगूड वाजला तर वाटंवर, माती लागली तर चुकलो.”

त्यांचं जुनं घर पाण्याखाली आहे. कुठे, असं विचारलं तर त्यांनी जलाशयाकडे हात केला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. “मे महिन्यात या. पाणी हटलं तर दावतो.”

19 मे 2024. माणिकडोहच्या पाणलोटात

पाणी हटलंय. बाबा काठी घेऊन सकाळी साडेसहालाच काठावर येऊन थांबले होते.

गाळ वाळून त्याच्या फरश्यासारख्या भेगा पडल्यात, टाच मारली की वरचं कवच फुटतं आणि खाली अजून ओल. बाबा सरळ चालत सुटले, एकदाही थांबून दिशा बघितली नाही. वीस मिनिटांनी त्यांनी काठीने गाळ टोकरला. खाली जोत्याचा दगड. “हे आमचं.” मग चार पावलं चालून, “हितं चूल.” आणखी पुढे विहिरीची गोल कडा, गाळाने काठोकाठ भरलेली. पुढे मारुतीचा पार. मूर्ती वर नव्या वस्तीत नेली, पार इथेच राहिला.

पारापासून पश्चिमेला दगडांची एक ओळ गाळातून डोकं काढून जाते. साधारण 60 मीटर मोजली. मग ती ओल्या गाळात बुडते. बाबा म्हणाले, ही बैलांची वाट, आणि पाराजवळ बैलांचा तळ पडायचा. आमच्यातल्या एकाला ती लगेच सातवाहनांची वाटली. मी वहीत तसं लिहिलेलं नाही. बाबांच्या वाडवडिलांच्या पायाखालची वाट एवढंच लिहिलं. माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.

एक दगड मी वाकून बघितला. गाळाचा पापुद्रा बोटाने काढला. वरची बाजू गुळगुळीत, मधे किंचित खोलगट. डिसेंबरात लगोरीतून काढून परत ठेवलेल्या दगडासारखीच.

बाबा निघताना विहिरीपाशी परत गेले. खिशातून सुपारी काढून कडेवर ठेवली. आम्ही लांब उभे राहिलो.

1 आणि 2 जून 2024. वैशाखरे ते जुन्नर

पूर्ण वाट, पहिल्यांदा, एका दमात. उलट दिशेने चाललो, म्हणजे मालाच्या दिशेने: कोकणातून वर.

शनिवारी पहाटे चारला कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर वैशाखऱ्याजवळ उतरलो. बॅटऱ्या लावून रानात शिरलो. फरसबंदीच्या टप्प्यात बाबांच्या आईची गोष्ट आठवून सगळ्यांनी पाच मिनिटं बॅटऱ्या बंद केल्या. काठी दगडावर वाजत होती, मधेच मातीत शिरली की आवाज बुजायचा आणि आम्ही अर्धं पाऊल मागे घ्यायचो. वाट सापडत होती. सव्वासातला लेण्यात. चर मोकळी केलेल्या भागात दगड घट्ट आहेत.

रात्री घाटघरला मुक्काम. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. रविवारी पूर, आजींची सावलीची वाट, चावंडचा पायथा, मग पाणलोटाच्या कोरड्या तळातून बाबांच्या जोत्यावरून थेट धरणाच्या भिंतीकडे, पाडळी, तुळजा, जुन्नर. संध्याकाळी साडेसहा. बिबट्याच्या भीतीने अंधार पडायच्या आत उसाच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं ठरवलं होतं, ते जमलं.

दोन जणांच्या पायांना मोठे फोड. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर लागलं. वर्षभरात पाणलोटातला टप्पा फक्त मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालता येईल. एरवीसाठी काठावरून चावंडकडे चढणारी ढोरवाट आखली आहे, ती साडेतीन किलोमीटरने लांब पडते.

16 जून 2024

पाऊस लागला. नाणेघाटात गर्दीही लागली. सकाळी सहाला जाऊन फक्त चर पाहिली. पाणी चरीतून वाहतंय, वाटेवरचे दगड नुसते ओले आहेत. एका ठिकाणी पालापाचोळा अडकून पाणी वाटेवर फुटत होतं, तो हाताने काढला. श्रावणात पुन्हा बघायला हवं.

परतताना चावंडला बाबांकडे गेलो. हाताने काढलेला नकाशा त्यांच्यापुढे अंगणात पसरला. चष्मा लावून त्यांनी घाटापासून बोट फिरवत आणलं आणि जिथे आम्ही जलाशय निळा रंगवलाय तिथे थांबले. “हितं काईच न्हाई लिवलं?”

पेन काढलं. ते सांगत गेले, मी निळ्या रंगावर लिहीत गेलो: विहीर. मारुतीचा पार. बैलांचा तळ. चिंचेचं झाड. मग त्यांनी घरात हाक मारून सुनेला विचारलं, गुरांच्या पाण्याची जागा पाराच्या अलीकडे होती की पलीकडे. ती म्हणाली, “मामा, मी लग्न होऊन आले तवा पाणीच होतं.” त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, अलीकडं लिवा.